हरिणीचा घास

पडवळ सरळ वाढावं म्हणून त्याच्या टोकाला सुतळीनं दगड बांधतात. भाऊ, म्हणजे माझे वडील, हे दगड फार निवडून आणत. जड झाला तर कोवळं फळ तुटतं, हलका झाला तर पडवळ वेटोळं करून बसतं, असं त्यांचं शास्त्र होतं. रोज सकाळी दात घासत ते मांडवाखाली जात आणि एकेका पडवळाला खालून वर न्याहाळत. त्या पावसाळ्यात रोज सकाळी निदान एका सुतळीला पडवळच नसायचं. दगड चिखलात, सुतळी त्याला तशीच बांधलेली, आणि फळ दगडापर्यंत साफ. भाऊ तो दगड हातात घेऊन डोंगराकडे बघत उभे राहत. तोंडात दंतमंजन असल्यामुळे त्यांना लगेच बोलता येत नसे, हे एका परीनं बरंच होतं.

आमची कॉलनी बोरिवलीला, डोंगराच्या अगदी पायथ्याशी होती. कॉलनी म्हणजे मंगलोरी कौलांची बैठी घरं, पुढे अंगण आणि मागे परसू. राहणारे बहुतेक गिरगाव-लालबागच्या चाळींतून आलेले. जन्मभर गॅलरीतल्या तुपाच्या डब्यात तुळस लावलेली ही माणसं. त्यांच्या पायाखाली स्वतःची माती आल्यावर दुसरं काय होणार? सगळे माळी झाले. शेजारचे कर्णिककाका कोर्टातून निवृत्त झालेले, त्यांनी गुलाब लावले. पलीकडचे सावंतकाका मूळचे मालवणकडचे, गिरणी सोडून रंगाच्या कारखान्यात लागलेले. त्यांच्याकडे चवळी, भेंडी आणि रताळ्याचे वेल. भाऊंनी तर फोर्टातली आपली कारकुनी ही बागेतून बागेत जाताना मध्ये लागणारी एक अडचण आहे, असंच धरलं होतं.

आणि मग हरणं. ठिपक्यांची, टपोऱ्या डोळ्यांची, आणि हावरट. डोंगरात शिकारीला बंदी झाली, बिबळे कमी झाले, म्हणून ही माजली, असं कर्णिककाका सांगत. सावंतकाकांचं म्हणणं निराळं होतं. "आपण तेंच्या ताटात येवन बसलंव. आता ती आपल्या ताटात बसतत, तर रागावतास कित्याक?" पण रताळ्याचे वेल गेले की काठी घेऊन सगळ्यांत पुढे तेच धावत. भाऊंचंही तसंच. रविवारी गिरगावातून पाहुणे आले की संध्याकाळी त्यांना परसात नेऊन "ती बघा आमची हरणं" म्हणून हलक्या आवाजात दाखवायचे. पाहुण्यांनी "काय हो देखणी!" म्हटलं की घरचं लेकरू वाखाणल्यासारखे खूश व्हायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच देखण्या हरणांचा उद्धार सुरू.

उपाय पुष्कळ झाले. भाऊंनी न्हाव्याकडून केसांची गाठोडी आणून मांडवाला टांगली, माणसाच्या वासाला हरणं बिचकतात म्हणून. हरणं बिचकली नाहीत, पण आई बिचकली. "मी सोवळ्यानं तुळशीला पाणी घालायला जाते आणि डोक्यावर कुणाकुणाच्या जटा लोंबतात!" म्हणून तिनं ती फेकून दिली. मग भाऊंचा जुना ऑफिसचा कोट घालून बुजगावणं उभं राहिलं. ते इतकं भाऊंसारखं दिसे, की कर्णिककाका चष्म्याशिवाय असले तर त्याला हात करीत. एका सकाळी त्याच्या पायाशी दोन हरणं निवांत रवंथ करत बसलेली सापडली. शेवटी उरला पत्र्याचा डबा. पहाटे भाऊ आणि मी परसात जाऊन तो बडवायचो आणि "हाऽऽट!" म्हणून ओरडायचो. मला तो खेळ भारी आवडे. हरणं टणाटण उड्या मारत जात, शेपट्यांचे पांढरे गोंडे वर करून, आणि मला वाटे, थोडी थांबली असती तर बरं झालं असतं. त्यांना घालवायचं आहे की बघायचं आहे, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

त्या वर्षी आषाढी एकादशीला आईनं चातुर्मासाचा नेम धरला. रोज दुपारी भात, वरण, तूप आणि पोळीचा तुकडा केळीच्या पानावर काढून आधी गाईला द्यायचा. गाईनं घास घेतला की मगच आपण जेवायचं. कार्तिकी एकादशीपर्यंत. चातुर्मासात कॉलनीतल्या सगळ्याच बायका काही ना काही धरत, कुणी वांगं सोडी, कुणी मौन धरून जेवी, त्यामुळे कुणी कारण विचारलं नाही. कारण सगळ्यांना माहीत होतं. ते म्हणजे कुसुमताई.

कुसुमताई माझी थोरली बहीण, पेणला दिलेली. तिची पहिली दोन बाळंतपणं रीतीप्रमाणे माहेरी, आमच्या घरात झाली, आणि दोन्ही वेळा मूल हाती लागलं नाही. आता तिसऱ्या खेपेला तिच्या सासूबाईंनी निरोप धाडला, की तुमची जागा तिला धार्जिणी नाही, या वेळी आम्ही पाठवत नाही. डिंक, खारीक, अळीव सगळं आणून ठेवलेलं होतं, ते आईनं एका पिशवीत भरून पेणला पाठवून दिलं. मग लेकीसाठी करता येण्यासारखं तिच्या हातात एकच उरलं, ते म्हणजे स्वतः उपाशी राहणं.

स्टेशनच्या वाटेवर एका भैयाचा गोठा होता, त्याची गाय रोज दुपारी आमच्या मागच्या दारी येई. श्रावणाच्या तोंडी तो गोठाच उठून जोगेश्वरीकडे गेला. त्या दुपारी आई पान हातात घेऊन मागच्या दारात उभी राहिली, उभीच राहिली. माझी शाळा सकाळची, मी नुकतीच येऊन भुकेनं कळवळत होते. आभाळ भरून आलेलं, पाऊस मात्र नव्हता. तेवढ्यात सावंतांच्या चवळीतून एक हरिणी बाहेर आली. एका कानाला चीर होती. आम्हांला बघून ती पळाली नाही. आईनं वाकून पान जमिनीवर ठेवलं आणि दोन पावलं मागे आली. हरिणीनं मान लांब करून वास घेतला. मग भात खाल्ला, पोळी खाल्ली, आणि वर केळीचं पानही खाल्लं. आईनं हात जोडले.

"आई, ही गाय नाहीये," मी म्हटलं.

"दुभंगलेले खूर आहेत, रवंथ करते, मुकं जनावर आहे. आणखी काय पाहिजे?"

"म्हैस पण रवंथ करते."

"म्हैस यमाची. गप्प बस. आणि भाऊंना बोलू नकोस."

तेव्हापासून माझी फार ओढाताण झाली. पहाटे भाऊंबरोबर डबा बडवायचा आणि दुपारी आईच्या मागे श्वास रोखून उभं राहायचं. ती हरिणी आता ठरल्या वेळेला येई. भाऊ एरवी ऑफिसात, आणि रविवारी ते आंघोळीला गेले की आई पान बाहेर ठेवी. कधी मी एकटीच पान घेऊन गेले तरी येई. तिनं मला ओळखलं तर नक्की कोण म्हणून ओळखेल, या विचारानं मी हैराण व्हायचे. भाऊंना विचारायची सोय नव्हती आणि आईला विचारलं असतं तर तिनं मला पाढे म्हणायला बसवलं असतं. सकाळी भाऊ पडवळाचा दगड उचलून शिव्या घालत तेव्हा मी आईकडे बघे. ती शांतपणे ताक घुसळत असायची.

इकडे कॉलनीनं कमिटी नेमली आणि भाऊ तिचे सेक्रेटरी झाले. डोंगराच्या बाजूनं सगळ्या परसांच्या मागून एक सलग कुंपण घालायचं ठरलं, खाली कारवीच्या काठ्यांचा कूड आणि वर काटेरी तार. भाऊंना एवढा उत्साह आलेला मी पुन्हा कधी पाहिला नाही. आठवडाभर संध्याकाळी ऑफिसातून आले की पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात. शनिवारी कुंपण पुरं झालं. सावंतकाकांनी नारळ फोडला. रविवारी सकाळी भाऊ मांडवाखाली गेले तर सगळ्या सुतळ्यांना पडवळं होती. त्यांनी ती मला मोठ्यानं मोजायला लावली.

दुपारी पानं वाढली. भाऊंनी चित्राहुती घातल्या, आणि बघतात तर आईच्या ताटावर ताट झाकलेलं.

"तुझं काय आज? उपास?"

"गाय आली नाही."

"मग ठेव बाहेर, कावळा खाईल. बस जेवायला."

"नेम आहे माझा."

भाऊंचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, पण बायकोच्या हट्टावर होता. सोमवारी त्यांनी पोटदुखीची रजा टाकली, मागाठाण्याच्या गावात गेले आणि एक गाय तिच्या मालकासकट घेऊन आले. पाऊस धोधो पडत होता. भाऊ स्वतः भिजत होते आणि छत्री गाईवर धरलेली होती. आईनं गाईच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, घास दिला, गाईनं खाल्ला. भाऊ विजयी मुद्रेनं पाटावर येऊन बसले. आईनं त्यांना वाढलं, मला वाढलं, आणि आपलं ताट पुन्हा झाकून ठेवलं.

"आता काय राहिलं?" भाऊ ओरडलेच.

आईनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "ती गाभण आहे हो."

"कोण? गाय?"

"हरीण. महिनाभर मी तिला घास लावलाय. तिचं पोट दिसतंय मला. ते गाभण पोट कुंपणाबाहेर उपाशी ठेवून मी इथे जेवू? आणि माझ्या कुसुमचं सुखरूप होईल? होईल का, तुम्हीच सांगा."

श्रावणात डोंगरावर कमरेएवढं गवत असतं, हरीण काही उपाशी मरत नाही, हे भाऊंना ठाऊक होतं. ते बोलायला त्यांनी तोंड उघडलंही. मी बघत होते. मग त्यांनी तोंड मिटलं, हातातला घास पानात ठेवला, फडताळातून पक्कड काढली आणि पावसात बाहेर गेले. न्हाणीघराच्या मागे, जिथून कुणाला दिसणार नाही अशा जागी, त्यांनी तार कापली आणि कूड एका बाजूला सारला. आई पान घेऊन तिथे गेली. दुपार कलल्यावर हरिणी आली. भाऊ न्हाणीघराच्या भिंतीआड उभे होते, कारण त्यांना बघून ती पळाली असती. "खाल्लं का गं?" त्यांनी मला हळूच विचारलं. मी मान हलवली. त्यांच्या तोंडावर काय होतं ते मला वाचता आलं नाही, आणि आज त्यांच्या तेव्हाच्या वयाहून मी कितीतरी मोठी झाले तरी सांगता येत नाही.

एक हरीण जिथून येतं तिथून सगळी येतात. भाद्रपद लागेपर्यंत अख्खा कळप त्या भोकातून ये-जा करू लागला. कर्णिककाकांचे गुलाब गेले, जास्वंदी गेल्या, सावंतकाकांची भेंडी गेली, गणपतीसाठी राखलेल्या दूर्वासुद्धा गेल्या. आमच्या ओसरीवर कमिटीची सभा भरली आणि कुंपणाला भोक कुठे पडलंय हे शोधायचं काम एकमतानं सेक्रेटरींकडे, म्हणजे भाऊंकडे, आलं. भाऊ सलग तीन संध्याकाळी हातात कंदील घेऊन कुंपणाच्या कडेकडेनं हिंडले. न्हाणीघरामागे आले की त्यांना हटकून खोकला येई. चौथ्या दिवशी पुन्हा सभा.

"भाऊराव, काय गावला?" सावंतकाकांनी विचारलं.

"तपास चालू आहे," भाऊ म्हणाले.

"अहो, कसला तपास!" कर्णिककाका भडकले. "कुंपण आहे की लाल किल्ला? एवढ्याशा कुंपणात एक भोक सापडत नाही?"

तेवढ्यात आई चहाचं तबक घेऊन बाहेर आली. पुरुषांच्या सभेत ती कधी बोलत नसे. तिनं तबक खाली ठेवलं, पदर सावरला आणि म्हणाली, "भोक आमच्याकडे आहे. न्हाणीघराच्या मागे. यांनी माझ्यासाठी पाडलंय." मग तिनं नेमाचं सांगितलं, हरिणीचं सांगितलं. कुसुमताईचं नाव तिनं घेतलं नाही, त्याची गरजही नव्हती. याच ओसरीवरून दोन्ही वेळा ते इवलं गाठोडं घेऊन गेलेली माणसं हीच होती. भाऊंनी मान खाली घातली. मला वाटलं, आता हे सगळे उठून जाणार आणि उद्यापासून आमच्याशी कुणी बोलणार नाही.

"कधीपर्यंत आहे हे, वहिनी?" कर्णिककाकांनी कपात बघत विचारलं.

"कार्तिकी एकादशी. दुसऱ्या दिवशी मी माझ्या हातानं बुजवीन. शब्द देते."

"वयनी, ता भोक ऱ्हवांदे," सावंतकाका म्हणाले. "भेंडी काय, बाजारात मेळतली."

कर्णिककाकांनी कप तबकात ठेवला. मग म्हणाले, "गुलाब काय, पुढच्या वर्षी पण येतात." पण ते घरी जाताना वाटेत थांबून आपल्या खुंटांकडे बघत होते, ते मी पाहिलं.

त्यानंतर सगळीच गंमत झाली. सावंतकाकू आपल्या घरची घावन्यांची चवड "तिका दी गो" म्हणून माझ्या हाती देऊ लागल्या. कर्णिककाकांनी हरिणीच्या पोटाचा घेर बघून तिचे दिवस किती भरले असतील याचा हिशोब मांडला, कोर्टातल्यासारखा. आणि बाकीच्या कळपाला मात्र सगळे मिळून डबे बडवून हाकलत. एका हरणासाठी दार उघडं आणि उरलेल्यांच्या मागे काठी. हरणांनी यातून काय समजावं? मलाही काही समजत नव्हतं. मी एकदा भाऊंना विचारलं, "हरणं आपली की नाहीत?" ते म्हणाले, "पडवळाला पाणी घाल जा."

पितृपक्ष संपता संपता हरिणी यायची बंद झाली. पहिल्या दिवशी आई दूध पिऊन राहिली. दुसऱ्या दिवशी दूधही नको म्हणाली. पेणहूनही काही खबर नव्हती, आणि ताईचे दिवस भरत आले होते. तिसऱ्या दिवशी आई भिंतीला धरून चालताना दिसली आणि कॉलनीची पुरुष मंडळी छत्र्या घेऊन डोंगरात शिरली. ज्यांनी सारा पावसाळा हरणं हाकलण्यात घालवला ते आता एक हरीण शोधायला निघाले होते. मी भाऊंचं बोट धरून गेले. सावंतकाका पुढे "ये गो बाय, ये" करत झुडपांत डोकावत होते. भाऊंच्या हातात पान होतं. माळावर कळप दिसला. भाऊंनी पान पुढे केलं, जमेल तितक्या गोड आवाजात "ये, ये" केलं, आणि त्यांचा आवाज ऐकताच अख्खा कळप उधळला. भाऊ तसेच पान पुढे करून उभे राहिले. "मला चांगलीच ओळखतात," असं म्हणून ते हसायला गेले आणि त्यांचे डोळे भरून आले. मी वडिलांना रडताना पहिल्यांदा पाहिलं.

आम्ही रिकाम्या हातानं परतलो तर आई न्हाणीघरामागे बसलेली, आणि तिच्यासमोर हरिणी. रोडावलेली, पोट आत गेलेलं. पिल्लू बरोबर नव्हतं. ती घाईघाईनं घास खात होती आणि सारखी मागे वळून बघत होती. त्या दिवशी आई पानावर बसली, पण भात नुसता चिवडत राहिली. "पिल्लू कुठंय?" मी विचारलं तर तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला. हरिणी पिल्लाला गवतात लपवून चरायला जाते हे आम्हांला कुणालाच माहीत नव्हतं. रात्र कशी काढली ते आईलाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचे धाकटे दीर दारात उभे राहिले, आणि त्यांच्या हातात बर्फीचा पुडा होता. मुलगी झाली होती. आईनं पुडा हातात घेतला आणि होती तिथेच, उंबऱ्यात बसली. "दोघी बऱ्या आहेत ना? दोघी?" एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

दसऱ्यानंतर हरिणी पिल्लू घेऊन येऊ लागली. ते कुंपणाच्या भोकात उभं राहून आमच्याकडे बघे, पण आत येत नसे. आई त्याच्याकडे बघून हसायची, मग लगेच त्याची दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडायची. पेणहून निरोप आला होता, तुळशीच्या लग्नानंतर बाळ-बाळंतिणीला पाठवतो. सासूबाईंच्या मनातली आमच्या जागेबद्दलची अढी गेली होती. आईनं पाळणा धुऊन उन्हात ठेवला. सावंतकाकू म्हणाल्या, हरणांच्या अंगावर गोचिडं असतात, तान्हं मूल घरात येतंय, जरा बघा. आई म्हणाली, हो, बघते.

कार्तिकी एकादशी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं पारणं केलं नाही, आधी बाहेर गेली. कुणालाही हात लावू न देता तिनं कारवीचा कूड जागेवर ओढला, काथ्यानं घट्ट बांधला आणि भाऊंकडून वर तार ओढून घेतली. नेमाचं उद्यापन म्हणून तिनं गावातल्या गाईला घास पाठवला. सगळं रीतसर झालं. त्या दिवशी सुट्टी होती, भाऊ घरीच होते. आई पानं घ्यायला लागली एवढ्यात मी म्हटलं, "आई, ती आलीय."

कुंपणापलीकडे हरिणी उभी होती, पिल्लू तिच्या पोटाशी. तिनं तोंडानं कूड ढोसून पाहिला. आई बाहेर गेली. "हाट," ती म्हणाली. आवाज निघालाच नाही. "हाट! जा! संपलं आता." हरिणी तिथेच. आई ढेकूळ उचलायला खाली वाकली, आणि आईला वाकताना बघून हरिणी पुढे आली, कारण आई वाकली की पान यायचं, एवढंच तिला माहीत होतं. आईनं ढेकूळ मारलं. ते तिच्या मानेवर बसून फुटलं. पिल्लू आधी पळालं. हरिणी थोडी मागे सरून आईकडे बघत राहिली. आईनं दुसरं ढेकूळ उचललं. "जा गं बाई," ती म्हणत होती, "जा गं, जा." मग हरिणी वळली आणि पिल्लाच्या मागे डोंगराकडे गेली.

आई आत आली, हात धुतले, भाऊंना आणि मला वाढलं. आपलं ताट तिनं झाकून ठेवलं.

"अगं, नेम संपला ना आता?" भाऊ म्हणाले.

"संपला. तुम्ही जेवा."

भाऊ ताटावरून उठले. फडताळ उघडून त्यांनी पक्कड काढली आणि दारात उभं राहून हलकेच विचारलं, "काढू का परत?"

"नको," आई म्हणाली. "शब्द दिलाय मी."

त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत ती जेवली नाही, आणि आमच्या दोघांपैकी कुणी तिला जेव म्हणालं नाही.